बंदराबाहेरची लाट : ‘त्सुनामी’ या शब्दाचे अर्थांतर

परभाषेतील शब्द सामान्यतः व्यापार, राज्यकारभार, धर्म किंवा शिक्षण यांच्या वाटेने भाषेत येतात आणि तोंडातोंडी रुळत, झिजत, दोन-तीन पिढ्यांनंतर तिचे होतात. मराठीतील फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्दांचा इतिहास बहुतांशी असाच आहे. ‘त्सुनामी’ या जपानी शब्दाचे आगमन मात्र जवळजवळ एका दिवसात झाले. २६ डिसेंबर २००४ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास, सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्यातून उठलेल्या लाटांनी चौदा देशांत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसांचा बळी घेतला. त्या दिवसापर्यंत हा शब्द भूगोलाच्या अभ्यासकांपलीकडे फारसा गेलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो प्रत्येक मथळ्यात होता. पुढच्या काही वर्षांत तर तो समुद्र सोडून निवडणुकीत, बाजारात, रोगराईत आणि भावजीवनातही शिरला. या प्रवासात शब्दाच्या अर्थाचे काय झाले, त्याने काय मिळवले आणि काय गमावले, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. आपत्तीचे नाव भाषेत कशा रीतीने जिवंत राहते, याच्याशी त्याचा संबंध आहे.

हा प्रश्न तपासण्यासाठी किनाऱ्यावरचे गाव निवडण्यापेक्षा समुद्रापासून दूर असलेले, परंतु मराठीशी जुने नाते असलेले रायपूर अधिक उपयोगी ठरते. छत्तीसगडचा हा प्रदेश अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेशी बांधलेला होता. पुढे मध्यप्रांताचा भाग म्हणून १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर हीच राहिली. तात्यापाऱ्यासारख्या वस्तीतील मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते, आणि उंबरठ्याबाहेर हिंदी व छत्तीसगडी. सर्वांत जवळचा समुद्रकिनारा सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटरवर आहे. म्हणजे येथे ‘त्सुनामी’ या शब्दाचा वाच्यार्थ कोणाच्याही अनुभवाचा नाही. तो चित्रांतून व बातम्यांतून आलेला आहे, आणि तोही मराठी व हिंदी अशा दोन भाषांतून, दोन वेगळ्या रूपांत.

समुद्राचे शब्द या भागाला परके आहेत असे मात्र नव्हे. मध्य भारतात मोठ्या तळ्याला ‘सागर’ म्हणण्याची रीत जुनी आहे. शेजारच्या राजनांदगावातील राणीसागर आणि बूढासागर ही तळी मुक्तिबोधांच्या वास्तव्यामुळे हिंदी साहित्याच्या वाचकाला परिचित झाली. मराठी घरात जन्मलेला हा हिंदी कवी या दोन ‘सागरां’च्या मध्ये राहत होता. खुद्द रायपुरात तेलीबांधा तलावाच्या काठचा फिरण्याचा रस्ता लोकांच्या तोंडी ‘मरीन ड्राइव्ह’ झाला आहे. मुंबईच्या समुद्रकाठचे नाव तळ्याला लागले, यात कोणाची फसगत होत नाही. तळे समोरच असते आणि नावातील अतिशयोक्ती ते स्वतःच दुरुस्त करते. ‘त्सुनामी’च्या बाबतीत अशी दुरुस्ती करणारे काहीही या शहराच्या दृष्टीसमोर नाही. येथे शब्दाला जो अर्थ दिला जाईल, तोच त्याचा अर्थ ठरतो.

मूळ अर्थ आधी पाहिला पाहिजे. जपानीत ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. त्सुनामी म्हणजे बंदरातील लाट. १६११ साली जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर झालेल्या उत्पाताच्या तत्कालीन नोंदींत हा शब्द लिखित स्वरूपात आढळतो. या नावामागची परंपरागत उपपत्ती अशी की, खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्या कोळ्यांना काहीच जाणवत नसे. परत येऊन पाहावे तो बंदर आणि गाव उद्ध्वस्त झालेले असे. ही उपपत्ती भौतिकशास्त्राशी जुळते. चार हजार मीटर खोल पाण्यात अशी लाट ताशी सातशे किलोमीटरच्या वेगाने जाते, पण तिची उंची सहसा एक मीटरही नसते आणि दोन माथ्यांमधील अंतर शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत असू शकते. नावेखालून ती जाते आणि नाव हलल्याचेही कळत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होते, वेग मंदावतो आणि लाटेची उंची वाढत जाते. अनेकदा आधी समुद्र मागे सरतो, तळ उघडा पडतो, आणि मग पाणी येते.

थोडक्यात, या शब्दाच्या अर्थाला तीन अंगे आहेत : अदृश्य प्रवास, फसवी माघार आणि सुरक्षित मानलेल्या जागी होणारा विध्वंस. बंदर म्हणजे वादळातून परतलेल्या नावेचा आश्रय. ती लाट नेमकी तेथे उभी राहते, म्हणून तिला बंदराचे नाव. केवळ उंची हे तिचे लक्षण नाही. चक्रीवादळाच्या लाटाही प्रचंड असतात, पण त्या त्सुनामी नव्हेत. होकुसाईचे कानागावाच्या लाटेचे जगप्रसिद्ध चित्र त्सुनामीचे म्हणून वारंवार छापले जाते, हे या दृष्टीने सूचक आहे. त्या चित्रात लाट भर समुद्रात, नावांच्या माथ्यावर उसळलेली आहे. खरी त्सुनामी त्या नावांना बहुधा कळलीही नसती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील त्या चित्रकाराने वाऱ्याने उठलेली लाट रेखाटली. तिला त्सुनामी केले ते नंतरच्या जगाने, कारण त्याला शब्दात फक्त आकार दिसत होता.

जपानबाहेर हा शब्द पोहोचला तो १८९६ च्या सानरिकू किनाऱ्यावरील उत्पातानंतर; त्यात सुमारे बावीस हजार माणसे मृत्यू पावली होती. इंग्रजी वाचकांत तो रुजवण्यात लाफ्काडिओ हर्न यांच्या १८९७ मधील एका कथनाचा मोठा वाटा आहे. १८५४ च्या एका घटनेवर आधारलेल्या त्या कथनात टेकडीवर राहणारा एक वडीलधारा गृहस्थ समुद्र मागे सरलेला पाहून स्वतःच्या भाताच्या गंजी पेटवतो. आग विझवायला गाव वर धावतो आणि त्यामुळे वाचतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ५ नोव्हेंबर हा त्सुनामी जागरूकता दिन ठरवला, तो याच घटनेच्या स्मरणार्थ. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, साहित्यात हा शब्द प्रथम ओळखण्याच्या कथेसह आला. लाट किती मोठी होती यापेक्षा ती येण्याआधी कोणी काय ओळखले, हा त्या कथेचा गाभा आहे.

आता मराठी आणि हिंदी रूपांकडे वळता येईल. मराठी वृत्तपत्रांनी बहुधा ‘त्सुनामी’ लिहिले, हिंदीने ‘सुनामी’. हा फरक लेखनाच्या लहरीचा नाही. मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत, चूल, चाक, चोर या शब्दांतील दंततालव्य ‘च’ जपानी ‘त्सु’च्या आरंभीच्या ध्वनीच्या अगदी निकटचा आहे. मराठी जिभेला तो परका नाही, परंतु मराठी लिपीला तो स्वतंत्रपणे दाखवता येत नाही. ‘चुनामी’ लिहिले असते तर कोणता ‘च’ हे कळले नसते, म्हणून ‘त्स’ या जोडाक्षराचा आधार घ्यावा लागला. हे जोडाक्षर उत्सव, वत्स, चिकित्सा अशा तत्सम शब्दांत मध्ये येते. शब्दारंभी ते तलवारीच्या मुठीसाठी असलेल्या ‘त्सरु’सारख्या एखाद-दुसऱ्या संस्कृत शब्दापुरतेच. म्हणून लिखित ‘त्सुनामी’ला मराठीत काहीसा भारदस्त, अपरिचित चेहरा लाभला.

हिंदीत तसा ‘च’ नाही, त्यामुळे तिने ‘त’ सोडला आणि ‘सुनामी’ असे सुलभ रूप घेतले. या सुलभतेतून एक विपरीत योगायोग घडला. ‘सु’ हा शुभवाचक उपसर्ग, आणि मराठीत ‘नामी’ म्हणजे उत्तम, नावाजलेला. नामी युक्ती, नामी संधी असे आपण म्हणतो. ज्याने लाखो माणसांना अनामिक केले, त्या उत्पाताचे नाव कानाला ‘सुनाम’ असल्यासारखे लागते. रायपूरच्या मराठी कुटुंबात सकाळचे हिंदी वृत्तपत्र ‘सुनामी’ म्हणते आणि नागपूर-पुण्याहून आलेले मासिक ‘त्सुनामी’. ज्या पिढ्यांचे शिक्षण हिंदीत झाले, त्यांच्या बोलण्यात ‘च’चे दोन उच्चार पुसट होत गेले, की हे दुसरे रूप केवळ लिहिण्यापुरते उरते. बंदराचा ‘त्सु’ प्रथम उच्चारातून जातो. अर्थातून तो कसा जातो, ते पुढे पाहावयाचे आहे.

शब्द रुळल्याच्या व्याकरणिक खुणा मात्र दोन्ही भाषांत स्पष्ट आहेत. ‘लाट’ आणि ‘लहर’ यांच्या सोबतीने तो स्त्रीलिंगी झाला. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या धर्तीवर ‘त्सुनामीग्रस्त’ हा समास सहज तयार झाला. ‘त्सुनामी लाटा’ असा प्रयोगही सर्रास होतो. ‘नामी’मध्ये लाट आलेलीच असल्याने तो द्विरुक्त आहे, पण ‘पावरोटी’तही पोर्तुगीज ‘पाव’ म्हणजे रोटीच होय. अशी द्विरुक्ती परक्या शब्दाला घरचा शब्द हात देत असल्याची खूण असते आणि तिच्यात दोष पाहण्याचे कारण नाही.

खरी गुंतागुंत लाक्षणिक प्रयोगांत आहे. भारतीय काव्यशास्त्राने लक्षणेला तीन अटी घातल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवर गौळवाडा आहे असे म्हटले की प्रवाहावर वस्ती असणे अशक्य, म्हणून ‘गंगा’चा अर्थ गंगेचा काठ असा घ्यावा लागतो. पण ‘काठ’ न म्हणता ‘गंगा’ म्हणण्यात शीतलता आणि पावित्र्य सुचवण्याचे प्रयोजन असते. शास्त्रकारांचे हे आवडते उदाहरण पाणी आणि काठ यांच्याच नात्याचे आहे, हा येथे उपयोगी पडणारा योग आहे. ‘मतांची त्सुनामी’ किंवा ‘भावनांची त्सुनामी’ म्हणताना मुख्यार्थाचा बाध उघड आहे. प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीचा आहे. कोणता संबंध घेतला जातो, आणि प्रयोजन काय?

निवडणुकीचे उदाहरण घ्यावे. भारतीय राजकीय भाषेत ‘लाट’ हा शब्द पूर्वीपासून होता. १९७१, १९७७ आणि १९८४ या निवडणुकांच्या वर्णनात तो रूढ झाला. ‘लाट’ पुरेनाशी झाली तेव्हा ‘त्सुनामी’ आली. २०१४ मध्ये तर नेत्याच्या नावाशी तिचा श्लेषही जुळवण्यात आला. छत्तीसगड विधानसभेच्या ९० जागांपैकी २०१८ साली काँग्रेसने ६८ जिंकल्या. २०२३ साली भारतीय जनता पक्षाने ५४. केवळ आकार हाच संबंध मानला तर हे रूपक २०१८ ला शोभते. परंतु २०२३ साली बहुतेक मतदानोत्तर अंदाजांनी पारडे काँग्रेसकडे झुकलेले दाखवले होते, आणि निकाल उलटा लागला. पृष्ठभागावर काही दिसत नव्हते. जे घडले ते काठावर आल्यावरच दिसले. मूळ अर्थाच्या निकषावर लहान आकड्याचा हा निकालच त्सुनामीच्या अधिक जवळ जातो. रूपक आकाराच्या मागे धावते तेव्हा आपल्याच सर्वांत अर्थपूर्ण उदाहरणाजवळून ते न थांबता निघून जाते, असे म्हणावे लागते.

या प्रयोगात आणखी एक दोष आहे. मत ही व्यक्तीने विचारपूर्वक, एकेकट्याने केलेली कृती होय. तिला नैसर्गिक उत्पाताचे नाव दिले की मतदार नाहीसा होतो आणि उरतो तो कर्ता नसलेला लोंढा. जिंकणाऱ्याला ते नाव भव्य वाटते आणि हरणाऱ्याला सोयीचे, कारण लाटेपुढे कोणाचे काय चालणार? दोघांचेही प्रयोजन साधते. उत्तरदायित्वाचा प्रश्न मात्र मागे पडतो.

अशाच आकारनिष्ठ प्रयोगाचे दुसरे उदाहरण २००८ मधील. धान्याच्या किमती जगभर भडकल्या तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या प्रमुखांनी त्या संकटाला ‘मूक त्सुनामी’ म्हटले, आणि तो शब्दप्रयोग भाषांतरित होऊन सर्वत्र पसरला. ‘धान का कटोरा’ म्हणवणाऱ्या छत्तीसगडलाही भातापासून सुरू होणाऱ्या या रूपकाचा आशय परका नव्हता. भूक घराच्या चुलीपाशी, म्हणजे आश्रयाच्या जागीच पोहोचते, या दृष्टीने रूपक समर्पकही होते. परंतु त्यातील विशेषण विचारात पाडते. खोल समुद्रात प्रत्येक त्सुनामी मूकच असते. ‘मूक’ हे वेगळे सांगावे लागले, याचा अर्थ मूळ शब्दातील मौन तोवर संपले होते आणि त्याच्या जागी गर्जना आली होती.

याउलट, रूपकाने मूळ अर्थाची तिन्ही अंगे जवळजवळ परत मिळवली असा एक प्रसंगही नोंदवला पाहिजे. २४ एप्रिल २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने करोनाच्या दुसऱ्या लाटेसंबंधी सुनावणीत, आपण तिला लाट म्हणत आहोत पण ती त्सुनामी आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. त्याच महिन्यात, ९ एप्रिलपासून, रायपुरात टाळेबंदी लागू झाली होती. त्या वर्षाच्या आरंभी रुग्णसंख्या घटली होती आणि लोक निर्धास्त झाले होते. समुद्र मागे सरल्यावर उघडा तळ पाहायला गेलेल्या माणसांची आठवण व्हावी असे ते दृश्य होते. विषाणूचा प्रवास अदृश्य होता आणि कोसळण्याची जागा होती रुग्णालय, म्हणजे आजाऱ्याचे बंदर. समुद्र कधी न पाहिलेल्या माणसालाही तेव्हा या शब्दाचा अर्थ कळला असावा. तरीही रूपकाची एक मर्यादा येथेही राहते. भूगर्भातील हालचाल कोणाच्या निर्णयाने होत नाही. खाटा, प्राणवायू आणि पूर्वतयारी यांचे निर्णय माणसे घेतात. समर्पक रूपकसुद्धा दोष निसर्गाच्या माथी मारण्यास उपयोगी पडू शकते, म्हणून त्याचा वापर सावधपणे झाला पाहिजे.

येथे असा आक्षेप घेता येईल की शब्द लाक्षणिक होतातच आणि त्यांना उगमाशी बांधून ठेवणे हा निष्फळ शुद्धतावाद होय. हा आक्षेप वजनदार आहे, कारण ‘प्रलय’, ‘वणवा’, ‘वादळ’ हे सारे शब्द असेच पसरले आणि मराठी त्यामुळे समृद्ध झाली. परंतु वादळ आणि वणवा यांचा वाच्यार्थ मराठी भाषकाच्या अनुभवात पक्का रुजलेला असतो. लाक्षणिक अर्थ कितीही दूर गेला तरी वाच्यार्थ त्याला ओढून धरतो. ‘त्सुनामी’च्या वाच्यार्थाला मराठीत अशी मुळे नाहीत. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्याजवळील भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि तेथेही माणसे वाहून गेली. तरी त्या घटनेने मराठीला शब्द दिला नाही, आणि ती स्मरणातून जवळजवळ पुसली गेली. वाच्यार्थ स्थिरावण्यापूर्वीच लक्षणा सुरू झाली, तर शब्द आतून पोकळ होतो.

शब्दाच्या जन्मभूमीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. जपानमध्ये ‘त्सुनामी’ हेच शीर्षक असलेले एक प्रेमगीत २००० साली अत्यंत लोकप्रिय झाले. अनावर भावनेसाठी तेथेही हे रूपक चालत होते. ११ मार्च २०११ च्या उत्पातानंतर प्रसारण संस्थांनी ते गीत वाजवण्याचे दीर्घकाळ टाळले. त्यामागे कोणताही कायदा नव्हता. वाच्यार्थ परत आला आणि त्याने रूपकाला गप्प केले. जेथे वाच्यार्थ जिवंत असतो, तेथे भाषा स्वतःच अशी मर्यादा पाळते.

जिवंत वाच्यार्थ कोणते काम करतो, याचे सर्वांत मोठे प्रमाण मात्र सुमात्राजवळच्या सिमेलूए बेटावर मिळते. तेथील भाषेत या लाटेला ‘स्मोंग’ असा स्वतःचा शब्द आहे. १९०७ च्या उत्पातानंतर तो आजीआजोबांच्या गोष्टींतून आणि गाण्यांतून पुढे चालत आला. भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला तर टेकडीकडे पळावे, एवढी सारी शिकवण त्या एका शब्दात साठवलेली होती. २००४ साली भूकंपाच्या केंद्राजवळ असूनही सत्तर हजारांवर वस्तीच्या त्या बेटावर लाटेने मृत्यू पावलेल्यांची संख्या सात सांगितली जाते. ‘स्मोंग’ हाक ऐकताच लोक डोंगरावर गेले होते. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर लाट पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ होता. तेथे तेव्हा सूचनायंत्रणा नव्हती आणि असा शब्दही नव्हता. हैदराबादचे सूचना केंद्र २००७ मध्ये सुरू झाले. यंत्रणेची उणीव भरली, शब्दाची भरायची आहे.

ही उणीव भरून काढण्याचे काम करणारी परंपरा रायपूरला अपरिचित नाही. मराठी घराण्यातील माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक परिभाषाकोशासाठी अर्थशास्त्राच्या संज्ञांचे काम केले, आणि १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले. परिभाषेकडे पाहण्याची त्या पिढीची दृष्टी अशी होती की, शब्द आणावयाचा तर संकल्पनेसह आणावयाचा. ‘भूकंपजन्य सागरलहर’ असा संस्कृत शब्द घडवणे आजही अवघड नाही, पण त्याची गरज उरलेली नाही. ‘त्सुनामी’ आता मराठीची झाली आहे. तिच्यासोबत यायला हवी होती ती संकल्पना मात्र मागे राहिली.

म्हणून या शब्दाची नोंद करताना कोशाने ‘समुद्रातील प्रचंड लाट’ एवढ्यावर थांबू नये. बंदर, अदृश्य प्रवास आणि आधीची माघार यांचा उल्लेख अर्थाचा भाग म्हणूनच झाला पाहिजे. समीक्षेनेही एखाद्या कवितेत वा लेखात हे रूपक भेटेल तेव्हा त्याच्या आकाराने दिपून न जाता एक साधा प्रश्न विचारावा : येथे बंदर कोणते? ज्या लेखनाला या प्रश्नाचे उत्तर देता येते, तेथे ‘त्सुनामी’ हा शब्द आपले काम करतो. ज्याला देता येत नाही, त्या लेखनाला ‘लाट’ किंवा ‘लोंढा’ हे घरचे शब्द पुरेसे आहेत.